मान ते कानशील दुखणं: आधी सुई की आधी सांधा?

मानगूट
पेशंटची उजवी बाजू. मानेतून निघून कानामागून कानशिलापर्यंत दुखतं. अप्पर ट्रॅपेझियसमध्ये (मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू) दोरीसारखी ताठ पट्टी हाताला लागते, तिच्यातली गाठ दाबली की दुखणं थेट वर चढतं. जीबी २० (कवटीखाली), जीबी २१ (खांद्यावर) आणि एलआय ४ (हातावर) या ॲक्युपंक्चर पॉइंटना सुया लावतो, काढल्या की लगेच मानेचं मॅनिप्युलेशन (हाताने झटका देऊन सांधा सोडवणं). टेबलावरून उठताना मान मोकळी, दोन दिवसांनी जैसे थे.
प्रश्न दोन. एक, क्रम उलटा करावा का? दोन, पुस्तकातला जीबी २१ आणि हाताला लागणारी गाठ यांत बोटभर अंतर आहे, तर सुई कुठे? "ताणतणाव कमी करायला सांगा" छापाचे सल्ले कृपया नकोत.

मणकेश्वर
अहो, अर्धं पोटात ठेवून विचारताय. वय? औषधं? सुई किती लांब? पेशंट बसलेली की झोपलेली? किती वेळ ठेवता? आणि "मानेचं मॅनिप्युलेशन" म्हणजे कुठल्या लेव्हलचं? सी १-२ (मानेचे सगळ्यात वरचे मणके) आणि सी ५-६ (खालचे) मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मानगूट
५२, बाई, दिवसभर कॉम्प्युटर. सुई ०.२५ × ४० मिमी. बसवूनच लावतो, खांदा नीट हाताला येतो. दोन्ही बाजूंना, अर्धा तास. मॅनिप्युलेशन जिथे अडकल्यासारखं लागतं तिथे. ब्लडप्रेशरची गोळी, बाकी औषध नाही. आता क्रम सांगा.

टाचणी
आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. जीबी २१ म्हणजे सी ७ चा काटा आणि ॲक्रोमियनचं (खांद्यावरचं हाड) बाहेरचं टोक यांचा मध्य. ते मोजून काढलेलं ठिकाण, तिथून चाचपायला सुरुवात करायची. दाबल्यावर पेशंट "हेच" म्हणते तो अ-शी पॉइंट, आणि सातव्या शतकातल्या चिनी वैद्य सुन सिमियाओंपासून त्यालाच सुई लावायची मोकळीक आहे. बोटभर अंतराचा बाऊ नको, गाठीलाच लावा.
पण ४० मिमीची सुई, बसलेली पेशंट, जीबी २१? कशी लावता? उभी?
फुप्फुसाचं टोक कॉलरबोनच्या आतल्या भागावर २-३ सेंमी वर येतं. सडपातळ माणसात जीबी २१ ला उभी सुई थेट तिकडेच जाते. पेशंटला पालथं किंवा कुशीवर घ्या. ट्रॅपेझियसची पुढची कड अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून छातीपासून उचला. सुई आडवी, चिमटीतल्या स्नायूतून स्वतःच्याच पलीकडच्या बोटाकडे. पलीकडच्या बोटाला टोक जाणवलं पाहिजे. जाणवत नसेल तर ते कुठे आहे हे तुम्हाला माहीत नाही, मागे घ्या. २५ मिमीची सुई पुरते. बसवून लावलेल्या सुईला घेरीही जास्त येते, त्यात ही बाई ब्लडप्रेशरच्या गोळीवर.

विजेरी
इलेक्ट्रो (सुयांना सौम्य वीज) लावून बघा. शरीरातली वेदनाशामकं सुटतात: २ हर्ट्झला एन्केफॅलिन-एन्डॉर्फिन, १०० हर्ट्झला डायनॉर्फिन. दोन्ही आलटून पालटून, २० मिनिटं. पेसमेकर असेल तर नाही.

मणकेश्वर
विजेरी, सुई कुठे आणि कधी हेच ठरलेलं नाही, तुम्ही वायर जोडून मोकळे.

मानगूट
चिमटीत धरायचं माहीत आहे. मागच्या वेळेनंतर दीर्घ श्वास घेताना पात्याजवळ चमक येते म्हणाली, पण ती मॅनिप्युलेशनची असणार. क्रमाबद्दल कुणी बोलेल का?

शंकेखोर
थांबा जरा. ही गोष्ट पहिल्या ओळीत यायला हवी होती. सुईनंतर श्वास घेताना छातीत किंवा पात्याशी दुखणं, कोरडा खोकला, चालताना धाप: यातलं एक जरी असलं तरी न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा भरणं) नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरायचं. लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येतात. स्टेथोस्कोपला दोन्हीकडे श्वास सारखा ऐकू आला आणि ऑक्सिजन ९८ आला तरी छोटा न्यूमोथोरॅक्स सुटू शकतो. आजच्या आज उभ्याने छातीचा एक्सरे. तोवर मानेला-पाठीला हातही लावू नका, सुईही नाही.

टाचणी
+१. क्रम-बिम नंतर.

मानगूट
एक्सरे झाला, उभ्यानेच. फिजिशियनने पाहिला, छाती स्वच्छ. चमकही ओसरली. आता तरी?

मणकेश्वर
आता बोलू. माझं मत: आधी सांधा. बऱ्याच वेळा ट्रॅपेझियसची पट्टी ही सी २-३ किंवा पहिल्या बरगडीच्या अडकण्याला स्नायूने दिलेलं उत्तर असतं. सांधा सुटला की अर्ध्या गाठी सुईशिवाय मऊ पडतात, सुया कमी लागतात. वरच्या तीन मानेच्या मुळांचे वेदनातंतू आणि ट्रायजेमिनलचे (चेहऱ्याची संवेदना नेणारी नस) तंतू एकाच केंद्रकात मिसळतात, म्हणून बिघाड मानेत आणि दुखणं कानशिलात. स्नायू कितीही टोचलात तरी खालचा सांधा तसाच असेल तर दोन दिवसांत परत येणारच.

टाचणी
असहमत. स्नायू ताठ असताना सांधा चाचपलात तर जे "अडकलं" म्हणता ते निम्मं स्नायूचं गार्डिंग (बचावासाठी आखडणं) असतं. आधी सुई, १० मिनिटं, मग सांधा तपासा. जे उरेल तेच खरं. आणि कारेल लेविट तुमच्या मॅन्युअल मेडिसिनवाल्यांचाच ना? १९७९ च्या लेखात त्यानेच लिहिलंय की नेमक्या वेदनाबिंदूत सुई गेली की औषध न टोचताही दुखणं जातं. सगळं नेमक्या बिंदूवर आहे.

मणकेश्वर
लेविटनेच पोस्ट-आयसोमेट्रिक रिलॅक्सेशनही (स्नायू थोडा आवळून मग सैल सोडणं) लोकप्रिय केलं, सुईशिवाय! अर्धाच लेविट वाचायचा नाही.

ठोकळा
ट्रिगर पॉइंट (स्नायूतली दुखरी गाठ) आणि ॲक्युपंक्चर पॉइंट एकच असतात, ७१ टक्के जुळतात. मग भांडण कशाचं?

शंकेखोर
तो १९७७ चा मेल्झॅक आणि सहकाऱ्यांचा आकडा. जुळणीत जवळपासचे पॉइंटही धरले होते, आणि वेदनेसाठी एरवी न वापरले जाणारेही. २००३ मध्ये स्टीफन बर्च यांनी ती मोजणी तपासली, तेव्हा आकडा बराच खाली आला. इथे त्याने काही अडत नाही. गाठ हाताला लागते की नाही, दाबल्यावर ओळखीचं दुखणं उठतं की नाही, एवढंच बघायचंय.
बाकी तुम्हा दोघांच्या भांडणात एक राहिलंच. तपासणी आणि उपचार यांत फट ठेवा. चाचपताना गाठीवर मिनिटभर अंगठा रोवून बसलात की तो उपचारच झाला, त्यानंतर काय सापडतंय याला अर्थ नाही. हलक्या हाताने, नखाखालचा रंग जाईल एवढाच दाब, दोन सेकंद, सोडा. आधी मोजा, एकच गोष्ट करा, पुन्हा तेच मोजा. धागाकर्ते एका बैठकीत सुया आणि थ्रस्ट (मॅनिप्युलेशनचा झटका) दोन्ही करतात आणि मग विचारतात कशाने बरं वाटलं. कसं कळणार?

मणकेश्वर
हे मान्य. मानगूट, तीन चाचण्या करा आणि आकडे इथे टाका.
१. फ्लेक्शन-रोटेशन. उताणं झोपवून मान पूर्ण वाकवा, वाकवलेलीच ठेवून दोन्हीकडे वळवा. वाकवल्याने खालचे सांधे अडतात, उरतं ते सी १-२. साधारण ४०-४५ अंश हवेत. ३२ च्या खाली किंवा दोन बाजूंत १० चा फरक म्हणजे तिथेच अडकलंय.
२. पहिली बरगडी. डोकं दुखऱ्या बाजूच्या उलट वळवा, मग कान छातीकडे न्या. मध्येच ठोकर लागून थांबलं तर बरगडी वर चढलेली.
३. हात-पाय: पकड, हॉफमन (बोटाच्या नखाला टिचकी मारून बघायचा रिफ्लेक्स), चाल. मज्जारज्जूवर दाबाची शंका आली तर थ्रस्ट विसरा.

शंकेखोर
आणि दोन प्रश्न, वयामुळे. पन्नाशीनंतर कानशिलात नवं दुखणं: केस विंचरताना टाळू दुखते का, चावताना जबडा दुखून थांबावं लागतं का, नजर मध्येच अंधुक होते का? यातलं एकही "हो" असेल तर ईएसआर-सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) त्याच दिवशी, कानशिलाच्या रोहिणीची सूज असू शकते आणि डोळा जाऊ शकतो. दुसरं, "बाकी औषध नाही" म्हणजे वेदनाशामकही नाही?

कपबशी
कपिंग (कातडीवर पेले चिकटवून ओढणं) केलंत का? स्लायडिंग कपिंगने ट्रॅपेझियस फार सुंदर सुटतो.

मानगूट
कपिंगचं विचारलेलं नाही.
फ्लेक्शन-रोटेशन: उजवीकडे २८, डावीकडे ४२. गोनिओमीटरने (कोन मोजायचं साधन). बरगडी उजवीकडे ठोकर देते. हॉफमन नाही, पकड आणि चाल ठीक. टाळू, जबडा, नजर सगळ्यांना "नाही". वेदनाशामक घेते डोकं दुखलं की, पॅरासिटामॉल, ते मी औषधात धरलं नव्हतं.

शंकेखोर
महिन्यातून किती दिवस? साधं पॅरासिटामॉल १५ दिवस किंवा जास्त, किंवा कॅफिनची मिश्र गोळी किंवा ट्रिप्टान (मायग्रेनची गोळी) १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल तर गोळीच डोकेदुखी जिवंत ठेवते. मग "दोन दिवसांनी परत" याचं उत्तर मानेत नाही, गोळ्यांच्या पाकिटात आहे.

मानगूट
विचारलं. सहा-सात दिवस. पुढे बोला.

मणकेश्वर
म्हणजे चित्र बरंच स्पष्ट झालं. सी १-२ उजवीकडे २८ आहे, बरगडी चढलेली आहे, आणि तुम्ही या दोन्हीला हात न लावता ट्रॅपेझियसला धरून बसलायत. क्रम असा लावा.
आधी बरगडी. मान उजवीकडे थोडी झुकवून स्केलीन (मानेच्या बाजूचा, बरगडीला जोडलेला स्नायू) ढिला करा. ट्रॅपेझियसच्या पुढच्या कडेतून आत जाऊन बरगडीवर हात, श्वास सोडताना खाली आणि डाव्या कमरेच्या दिशेने दाब, श्वास घेताना नुसतं धरून ठेवा. चार-पाच श्वास पुरे. स्केलीनमध्ये सुई नको, तिथे ब्रेकियल प्लेक्ससही (हाताच्या नसांचं जाळं) आहे आणि प्लुराही (फुप्फुसाचं आवरण). त्याला मसल एनर्जी करा: पेशंटने पाव ताकदीने ढकलायचं, ५ ते ७ सेकंद, सोडायचं, नवी मर्यादा घ्यायची, तीनदा. पाव ताकद म्हणजे पावच. पेशंट जोर लावते तेव्हा शेजारचे स्नायू मध्ये पडतात आणि काहीच सुटत नाही.
मग सी १-२ ला मोबिलायझेशन (झटका न देता हळू हलवणं). थ्रस्ट नको. फ्लेक्शन-रोटेशन पुन्हा मोजा. ३८ च्या पुढे गेलं तर त्या दिवशी सांध्याला पुरे.

टाचणी
आणि मग पट्टी पुन्हा चाचपा. गेली असेल तर सुई नकोच, हे मीही मान्य करते. उरली असेल तर उजवीकडे एकच, ०.२५ × २५, चिमटीत, स्नायूची एक-दोन फडफड आली की थांबा. पाच-सहा काढायच्या नादात स्नायू सोलला जातो आणि दोन दिवस ठणकतो. तुमचं "दोन दिवसांनी परत" यात हेही मिसळलेलं असू शकतं, कारण सुईनंतरचा ठणका २४ ते ४८ तास राहतो. पेशंटला विचारा की परत आलेलं दुखणं कानशिलातलं आहे की खांद्यातलं.
जीबी २० ला सुई नाकाच्या शेंड्याच्या दिशेने, १५ मिमीपर्यंत. वर आणि आत वळवली तर मेंदूच्या देठाकडे जाते. एसआय ३ (हाताच्या कडेचा पॉइंट) ला एक सुई ठेवून पेशंटला मान हळू वळवायला सांगा, पण मानेत सुई असताना मान अजिबात हलवायची नाही. वाकते, अडकते, क्वचित तुटते. किती लावल्या, किती काढल्या, मोजून ट्रेमध्ये. ठेवायच्या १०-१५ मिनिटं, अर्धा तास कशाला?

मानगूट
थ्रस्टला एवढा विरोध का? त्यानेच तर लगेच मोकळं वाटतं.

मणकेश्वर
सुई काढल्यावर लगेच करताय म्हणून. स्नायू सुन्नावलेला असतो, शेवटचा अटकाव हाताला खोटा लागतो, पेशंटही "दुखतंय" वेळेवर सांगत नाही. जो इशारा तुम्हाला थांबवतो तोच तुम्ही बंद केलेला असतो. करायचाच असेल तर वेगळ्या दिवशी, लेव्हल नक्की करून, आधी दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर, क्रेनियल नर्व्ह, आणि मानेच्या रोहिणीबद्दलचे प्रश्न विचारून. कटकन आवाज आला म्हणजे काम झालं असं नाही, २८ चे ४० झाले की झालं.
घरी सेल्फ-स्नॅग द्या: पट्टा डाव्या बाजूला कवटीच्या कडेखाली लगेच, डोळ्यांच्या पातळीत आडवा पुढे ओढत डोकं उजवीकडे वळवायचं. शेवटाला ३ सेकंद, दोनदा, सकाळ-संध्याकाळ. पट्टा खाली घसरून सी ३ वर आला तर उपयोग शून्य, दुखलं तर पट्ट्याची जागा चुकलीय. पहिल्यांदा समोर करून घ्या.

ठोकळा
म्हणजे शेवटी सांधा आधी. टाचणीताई हरल्या.

टाचणी
या पेशंटमध्ये. पुढच्या पेशंटला फ्लेक्शन-रोटेशन दोन्हीकडे ४२ निघालं आणि गाठ तेवढी आहे, तर सुई आधी आणि सांध्याला हातही नाही. मोजल्याशिवाय क्रम विचारणंच चूक.

मानगूट
बरगडी आणि सी १-२ केलं, सुई नाही. उजवीकडे २८ चे ३७. पट्टी निम्मी मऊ. पट्टा शिकवला. सुई पुढच्या वेळी, ३७ टिकलं तर.

शंकेखोर
टिकलं तर सुई कशाला? नाही टिकलं तर लावा. आणि मोजताना दर वेळी तोच गोनिओमीटर, आधी पाच-सहा वेळा मान फिरवून घेऊन.

शेवंती_०७
धागा अर्धाच वाचलाय. टाचदुखीलाही बीएल ५७ (पोटरीचा पॉइंट) चालतो का?

मणकेश्वर
वेगळा धागा काढा. आणि वय, वजन, किती महिने, सकाळच्या पहिल्या पावलाला दुखतं की दिवसभर, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.