लिनक्ससाठी ऑल-इन-वन घ्यावा का? माझं मत : घ्यावा, पण ऑफिसवाला

काजूबाग

आमच्या तालुक्याच्या वाचनालयातल्या अभ्यासिकेत चार संगणक बदलायचे आहेत. जुन्यांवर विंडोज १० होतं. त्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. कार्यकारिणीने लिनक्स मिंटला (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) होकार दिला आहे, त्यामुळे तो विषय मिटला. वाद आहे तो मशीन कसलं घ्यायचं यावर.

मी ऑल-इन-वनच्या बाजूने आहे, म्हणजे पडद्याच्या पाठीतच सगळा संगणक. आमची टेबलं अरुंद आहेत. एमपीएससीची मुलं पुस्तकं पसरून बसतात, खाली कॅबिनेटला पाय लागतो, फरशी पुसताना पाणी जातं. ऑल-इन-वनला पॉवरची एक वायर, लॅनची एक, बस.

दुसरं कारण पैशांचं. कंपन्या सहाव्या-सातव्या पिढीची मशिनं आता धडाधड काढून टाकताहेत, कारण ती विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. लिनक्सला ती अट नाहीच. डेल ऑप्टिप्लेक्स ७४५०, एचपी एलिटवन ८०० जी३, लेनोवो थिंकसेंटर एम९१०झेड ही त्यातली ऑफिसवाली नावं. आय५, आठ जीबी रॅम, एसएसडी आणि इंटेलचं ग्राफिक्स एवढ्यावर मिंट व्यवस्थित पळतं. इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही.

शोरूममधले घरगुती ऑल-इन-वन मात्र मला नकोत. ते दिसायला देखणे असतात, पण आत कोणती वाय-फाय चिप आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

पेचकस

माझा धंदा दुरुस्तीचा आहे आणि माझं मत थेट उलट आहे. पडदा आणि संगणक एकमेकांना बांधू नका. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, गेला की अख्खं मशीन बंद. पॉवर सप्लाय गेला तर तो त्याच मॉडेलचा लागतो, बाजारातला साधा एसएमपीएस आत बसत नाही. गरम हवेला जागा कमी, पंखा बारीक, आणि कोकणातल्या दमट हवेत त्यावर धुळीचा लगदा बसतो. असा पंखा मी ब्रशने नाही, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने भिजवून सोडवतो.

त्याऐवजी मिनी पीसी घ्या. ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी, एलिटडेस्क मिनी. जेमतेम लिटरभर आकाराचा डबा, मॉनिटरच्या पाठीवर व्हेसाच्या (ठराविक मापाच्या भोकांच्या) चार स्क्रूंनी बसतो. टेबल तेवढंच मोकळं राहतं. मॉनिटर गेला तर शेजारच्या टेबलावरचा उचलून लावा, मुलाचा अभ्यास थांबणार नाही.

आणि लिनक्सचाच विषय आहे तर उजेडाचं बघा. साध्या मॉनिटरला ब्राइटनेसची बटणं असतात, कुठलीही सिस्टीम असली तरी चालतात. ऑल-इन-वनमध्ये बऱ्याचदा ते काम ड्रायव्हरवर असतं. डेलच्या काही ऑल-इन-वनमध्ये बॅकलाइटचा ताबा एका वेगळ्या बोर्डाकडे असतो, तो आतल्या सिरियल पोर्टवरून बोलतो. त्याचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आला ६.१० (सहा-दहा) या आवृत्तीला, म्हणजे २०२४ मध्ये. मिंट २२ निघालं ते त्याआधीच्या ६.८ वर. रात्री दहापर्यंत अभ्यासिका उघडी ठेवणार आणि पडदा पूर्ण उजेडावर अडकलेला, चालेल का मुलांना?

काजूबाग

पेचकस, उजेडाचा मुद्दा चोख आहे, पण त्यावर उपाय सोपा आहे. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरमधूनच पुढचा कर्नल घेता येतो. शिवाय मशीन घेण्याआधी मी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून ब्राइटनेसची पट्टी सरकवून बघणारच आहे. सरकली नाही तर ते मशीन घ्यायचं नाही.

दुरुस्तीचं म्हणाल तर ऑफिसवाले आणि घरगुती यांत फरक करा. ऑफिसवाल्यांची पाठ उघडते, रॅम लॅपटॉपची लागते, एसएसडी कुठलीही चालते. चार लागतात तिथे मी पाच घेणार, पाचवं सुट्या भागांसाठी.

मिनी पीसीला माझी हरकत सार्वजनिक जागेची आहे. मॉनिटरचा एक प्लग, पीसीच्या अडॅप्टरचा दुसरा, मध्ये डिस्प्लेची केबल. ती केबल सैल झाली की 'नो सिग्नल' आणि मुलं ग्रंथपालबाईंकडे. त्या बाईंनी पुस्तकांची देवघेव बघायची की केबली खोचायच्या? शिवाय लिटरभराचा डबा दप्तरात सहज मावतो.

पेचकस

केन्सिंग्टन लॉक (मशीन टेबलाला बांधायची कुलपाची वायर) लावा. डिस्प्लेपोर्टची केबल खटका असलेली मिळते, खटका दाबल्याशिवाय निघत नाही. एवढ्यासाठी पडदा बांधून घेणं मला पटत नाही.

रातपाळी

दोघांनीही आयमॅकला हात लावला नाही, म्हणून लिहितो. २०१७ चा २७ इंची आयमॅक (अ‍ॅपलचा ऑल-इन-वन) मी फेडोरा या लिनक्सवर वापरतो. ५१२० बाय २८८० चा पडदा आहे. त्यावर देवनागरीची जोडाक्षरं इतकी स्वच्छ दिसतात की 'द्ध' आणि 'द्य' यांत डोळा कधी चुकत नाही. मी दिवसभर मराठी मुद्रितशोधन करतो, माझ्यासाठी हेच सर्वांत महत्त्वाचं. टंकायला आयबसमध्ये (लिनक्सवरची टंकनाची सोय) इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, फोनेटिकही आहे.

घेताना एवढं बघा : अ‍ॅपलची टी२ ही सुरक्षा चिप नसलेला घ्या. २०२० च्या २७ इंचीत आणि आयमॅक प्रोमध्ये ती आहे, तिथे वेगळा, बदल केलेला कर्नल लागतो. वाय-फाय ब्रॉडकॉमचं असतं, काही मॉडेलांत त्याचा ड्रायव्हर नेटवरून घ्यावा लागतो, तेव्हा पहिल्या दिवशी लॅनची वायर हाताशी असू द्या. अ‍ॅपलच्या एम१ चिपचा २४ इंचीही 'असाही लिनक्स' नावाच्या, अ‍ॅपलच्या चिपसाठी केलेल्या लिनक्सवर चालतो.

पेचकस

रातपाळी, तुमच्या कामाला तो पडदा शोभतो, पण वाचनालयाला हे सुचवू नका. २०१२ च्या शेवटी पातळ आयमॅक आले तेव्हापासून त्यांची काच चिकटपट्टीने डकवलेली असते. एसएसडी बदलायची तर पट्टी कापून काच काढायची आणि नवी पट्टी लावून बसवायची. २७ इंचीला रॅमसाठी मागे दार आहे, २१.५ इंचीला तेही नाही. आणि ५के, म्हणजे ५१२० बाय २८८० चा आयमॅक जसाच्या तसा नुसता मॉनिटर म्हणून वापरता येत नाही. आतला बोर्ड मेला की एवढा सुंदर पडदा पडून राहतो. माझं म्हणणं हेच तर आहे.

खडूफळा

तुम्ही सगळे वापरलेल्या मशिनांवर बोलताय. वाचनालयाला शासनाचं अनुदान असेल तर हिशेब तपासणी होते. बिल कुठलं दाखवणार? वॉरंटी कोण देणार? मी शाळेची खरेदी बघते. माझ्या मते नवीनच घ्यावं, आणि ऑल-इन-वनच घ्यावं, कारण वॉरंटीत सगळं एकत्र येतं. मॉनिटरवाला पीसीवाल्याकडे बोट दाखवतो, पीसीवाला मॉनिटरवाल्याकडे, आणि मध्ये आपण.

लिनक्स चालेल का हे नशिबावर सोडू नका. उबुंटू या लिनक्सची प्रमाणित मशिनांची यादी आहे, त्यात ऑप्टिप्लेक्सचे ऑल-इन-वन सापडतात. त्यातलं मॉडेल नंबरासकट कोटेशनमध्ये लिहा. नवीन मशिनांत हमखास अडकायची जागा म्हणजे बायोसमधला (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधला) आरएसटी मोड, म्हणजे इंटेलची डिस्क हाताळायची खास पद्धत. इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही, आणि दुकानदार सांगतो की 'यावर लिनक्स चालत नाही'. मोड एएचसीआय (साधी पद्धत) केला की दिसते. घरगुती मॉडेलांत कधी कधी तो पर्यायच दिलेला नसतो. म्हणून ऑफिसवाला घ्यावा, इथे काजूबागशी सहमत.

काजूबाग

खडूफळा ताई, रिफर्बिश्ड विकणारे नोंदणीकृत व्यापारी जीएसटीचं बिल देतात, काही जण वर्षाची वॉरंटीही देतात. बिल नसेल तिथून घ्यायचं नाही, हे ठरलेलंच आहे.

नव्या मशिनांना माझी अडचण किमतीची. नव्या एकाच्या पैशांत वापरलेली दोन-तीन येतात. आमच्याकडे मुलं खुर्चीसाठी नंबर लावून बसतात. चार पडदे लागले पाहिजेत, दोन नव्हेत. आणि जुन्या हार्डवेअरचा लिनक्सवर फायदाच आहे, त्याचे ड्रायव्हर कधीच कर्नलमध्ये मुरलेले असतात. रिअलटेकच्या आरटीएल८८५२बीई वाय-फाय चिपचंच बघा. तिला आधार मिळाला कर्नल ६.२ पासून, आणि डेबियन १२ या लिनक्सचा मूळ कर्नल ६.१. त्या वेळी नवं मशीन आणून त्यावर डेबियन टाकणाऱ्याचं वाय-फाय बंदच राहिलं असणार.

खडूफळा

चार पडद्यांची गरज पटते. पण वर्षाची वॉरंटी संपल्यावर काय, याचं उत्तर पाचवं मशीन हे एकच दिसतंय. ते एकदा वापरून झालं की पुढे?

पेचकस

पुढे माझ्यासारख्याच्या दुकानात. पाच घेणारच असाल तर पाचांची पाठ दुकानातच उघडायला लावा आणि पॅनेलच्या मागचा पार्ट नंबर जुळवून बघा. एकाच मॉडेलमध्ये एलजी, सॅमसंग, बीओई अशी वेगवेगळी पॅनेलं निघतात, आणि एकाची केबल दुसऱ्याला बसेलच असं नाही. नंबर जुळले तरच पाचव्याचा उपयोग. जुळले नाहीत तर त्याच पैशांत मिनी पीसी आणि मॉनिटर घ्या, बसवून मी देतो.