मॉरिशसच्या मुलांशी आमच्या शाळेची ओळख करून द्यायचीय, सुरुवात कशी करू?

सड्यावरची_बाई
नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यात एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला शिकवते. मॉरिशसच्या एका शाळेत मराठी विषय घेणारी मुलं आहेत, त्यांच्या शिक्षिकांशी माझं बोलणं झालंय, यंदा दोन्हीकडच्या मुलांची देवाणघेवाण करायची असं ठरतंय. आता आमच्याकडे लगेच सुरू झालंय की स्वागतगीत बसवा, लेझीम बसवा, सरपंचांना बोलवा, आणि मुलं मागे रांगेत उभी. मला ते नकोय हो. माझ्या वर्गात अशी पोरं आहेत जी पहाटे वडलांबरोबर होडीवर जाऊन मग शाळेत येतात, त्यांच्याकडे सांगण्यासारखं इतकं आहे पण माईक दिला की तोंड उघडत नाहीत. त्यांनी बोलावं एवढंच मला हवंय. नेटवर्क सड्यावर (वरच्या कातळ पठारावर) ठीक असतं, पण पावसात लाईट गेली की सगळंच गेलं. लाईव्ह ठेवू का व्हिडिओ पाठवू? आणि मुलांनी बोलायचं काय?

दाभोळखाडी
बाई, लाईव्ह महिन्यातून एकदाच ठेवा आणि बाकी सगळं रेकॉर्ड करून. दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ, मोबाईलवरच, एडिटिंग काही नको. लाजरं पोर कॅमेऱ्यासमोर चारदा बोलून पाहू शकतं, लाईव्हला तशी सोय नसते. वेळेचं म्हणाल तर ते आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहेत, त्यांचे दुपारचे १२ म्हणजे आपला दीड, त्यामुळे शाळेच्या वेळातच जमतं, रात्री कोणाला जागवायला नको.
कॅलेंडर मात्र नीट बघा. त्यांचं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत संपतं आणि मध्ये जुलै-ऑगस्टला सुट्टी. आपली शाळा जूनमध्ये उघडते, मग गणपतीत आठवडाभर कोणी हाताला लागत नाही. म्हणजे जूनचा शेवट आणि सप्टेंबर-ऑक्टोबर एवढंच हातात राहतं, आत्ताच तारखा धरून ठेवा. आणि पालकांची लेखी परवानगी घ्या, मुलांचे नंबर एकमेकांना अजिबात देऊ नका, सगळं शिक्षकांच्या मार्फत जाऊदे.

चाळ_आणि_ढोलकी
मी संगमेश्वरकडचा, आमच्या वाडीत पिढ्यानपिढ्या जाखडी चालते म्हणून राहवलं नाही. मॉरिशसच्या मराठी लोकांत झाकरी म्हणून नाच अजून आहे, गणपतीतच असतो, तो आपल्याच जाखडीतून गेलेला. तिकडे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. १८३४ पासून ऊसाच्या मळ्यांवर करार करून माणसं नेली, बहुतेक कलकत्त्याहून गेली पण मुंबई बंदरातूनही गेली आणि त्यात रत्नागिरी-साताऱ्याकडची पुष्कळ होती. पोर्ट लुईला जिथे त्यांना उतरवून घेत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशात आहे.
तर माझं म्हणणं, स्टेजवर नाच बसवून पाठवू नका, आपल्याकडे जाखडीच्या सामन्यात, म्हणजे शक्ती-तुऱ्यात, एक बाजू गाण्यात सवाल टाकते आणि दुसरी जवाब देते ना, तसंच करा. तुमच्या पोरांनी सवाल रेकॉर्ड करून टाकायचा, त्यांनी जवाब द्यायचा आणि त्यात आपला सवाल टाकायचा. वर्षभर चालेल. जी पोरं भाषणाला घाबरतात ती ढोलकीवर गातात, हे मी स्वतः बघितलंय.

वाकोआ_ते_वेंगुर्ला
मी काही वर्षं तिकडे नोकरीला होते. वरचं सगळं पटतं, पण एक कळकळीने सांगते. त्या मुलांना "आपलेच, लांब गेलेले" असं समजून बोलू नका. ती मॉरिशसची आहेत आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. घरात क्रेओल (फ्रेंचवरून घडलेली तिकडची बोली) बोलतात, शाळा इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, मराठी हा त्यांचा शाळेतला विषय. त्यांचं मराठी अडखळलं तर आपल्या मुलांनी हसायचं नाही हे आधी वर्गात बोलून घ्या, आणि आपल्या मुलांचं इंग्रजी अडखळलं तरी तसंच. आडनावांवरूनही गाव शोधत बसू नका, तिकडे बऱ्याच घरांत पहिल्या पूर्वजाचं नावच आडनाव झालंय. ज्यांना खरंच शोध घ्यायचाय त्यांच्यासाठी तिकडच्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत करारावर आलेल्यांची जुनी दफ्तरं जपलेली आहेत, ते ज्याच्या त्याच्या घरचं काम.
बोलायला विषय म्हणाल तर मासे! विंदाय म्हणून ते तळलेला मासा मोहरी-हळद-व्हिनेगरमध्ये मुरवतात, ऑक्टोपसचं पण करतात. होडीवर जाणारी तुमची पोरं ह्यावर तासभर बोलतील.

मालवणी_झील
बाईनू, ह्या बरा केलात. सरपंचांका शेवटच्या दिवशी बोलवा, तोपर्यंत पोरांका बोलूक दे.

भूगोलवाले_सर
बोलण्याबरोबर हाताने करायचं काहीतरी द्या, नाहीतर तिसऱ्या व्हिडिओनंतर "तुमचा आवडता रंग कोणता" वर गाडी येते. मी सावली सुचवेन. गुहागर साडेसतरा अंश उत्तरेला, मॉरिशस वीस अंश दक्षिणेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्हीकडे एक मीटरची काठी सरळ उभी करायची आणि सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा मोजायची. आपल्याकडे साधारण ४० सेंमी भरेल आणि उत्तरेला पडेल, त्यांच्याकडे २७ च्या आसपास आणि दक्षिणेला! दोन्ही आकडे समोरासमोर ठेवले की पृथ्वी गोल आहे हे पुस्तकातून सांगावं लागत नाही, नववीच्या मुलांना तर कोन काढून पृथ्वीचा घेरसुद्धा काढता येईल (अंतर सरळ उत्तर-दक्षिण धरायचं, तिरकं नाही).
दुसरं भरतीचं. मॉरिशसला भरती-ओहोटीत पाणी जेमतेम अर्धा मीटर वरखाली होतं, आपल्याकडे उधाणाला दोन मीटरच्या वर. पण उधाण दोन्हीकडे अमावास्या-पौर्णिमेच्याच सुमारास. तुमच्या होडीवाल्या मुलांना हे पाठ असतं, त्यांनाच शिकवायला उभं करा.

सड्यावरची_बाई
सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. पहिला सवाल भरतीवरच टाकतो आणि तो होडीवर जाणाऱ्या मुलांनीच तयार करायचा, गाऊन की बोलून ते त्यांचं ते ठरवतील. सर, ऑक्टोबरात आमच्याकडे एखाद दिवस ढग असला तर दुसऱ्या दिवशीची सावली चालेल का?

भूगोलवाले_सर
एक-दोन दिवसांनी फार फरक पडत नाही, पण दोन्ही शाळांनी एकच दिवस धरला तर उत्तम. सलग तीन दिवस मोजा, त्यातला दोघांनाही ऊन मिळालेला दिवस घ्या. आणि काठी ओळंब्याने सरळ करा, गवंड्याकडे मिळेल.