मदत हवी आहे: शाळेच्या सहलीत लेकीला त्या नव्या मोठ्या झोक्यात बसू द्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरचे. लेक सातवीत आहे. वय 12, उंची 141 सेंटिमीटर, वजन जेमतेम 29 किलो. डिसेंबरात त्यांची सहल एका अम्युझमेंट पार्कला जाणार आहे आणि तिथे यंदा नवा झोका आलाय. लांब दांडा, त्याच्या टोकाला गोल चकती, चकतीच्या कडेने खुर्च्या. दांडा घड्याळाच्या लंबकासारखा हलतो आणि चकती स्वतःभोवतीही फिरते. पोरांनी व्हिडिओ पाहून पाहून पाठ केलाय. 140 सेंटिमीटरच्या वर उंची लागते, म्हणजे ही नेमकी बसते त्यात. संमतीपत्रावर राइडसाठी वेगळी सही आहे, ती शनिवारपर्यंत द्यायची आहे. आणि माझा हात काही केल्या पुढे जात नाहीये.

कारण सांगते. मागच्या वर्षी एका जत्रेत ती पप्पांसोबत नावेच्या पाळण्यात बसली. एका ओळीत चौघं आणि चौघांना मिळून मांडीवर एकच लोखंडी दांडी. ती दांडी यांच्या पोटाला टेकली आणि तिथेच अडकली. लेकीच्या मांडीत आणि दांडीत वीतभर जागा उरली. मी खालून ओरडून सांगितलं, तर पाळणेवाला म्हणाला, "काही नाही होत ताई, घट्ट धरायला सांगा." नाव वर गेली की ती फळीवरून उचलली जात होती, मला खालून दिसत होतं. यांनी एका हाताने तिला दाबून धरलं होतं. उतरली तेव्हा यांच्या शर्टाची बाही तिच्या मुठीतच होती, शिवण उसवलेली.

आणि 2019 च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या कांकरियाला असाच लंबकाचा पाळणा मोडून 2 जण गेले, ते डोक्यातून जात नाही. सासूबाई तर रोज म्हणतात, "पोरले काही व्हई गये तं?" पण लेकीने वर्षभर वाट पाहिली आहे. सगळ्या मैत्रिणी बसतील आणि ही खाली पिशव्या सांभाळत उभी राहील, तेही बघवत नाही. यावेळी धरायला पप्पा नसतील. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा.

धुळ्याहून प्रतिसाद:
ताई, मी 8 वर्षं पाळण्यांच्या देखभालीचं काम केलंय. तुम्ही जे पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं. ओळीला एकच दांडी असली की ती सगळ्यात जाड माणसाच्या मापाने थांबते, बारीक पोर मोकळं राहतं. अशा नावेत मोठ्यांच्या शेजारी लहान पोर बसवूच नये.
चकतीच्या झोक्यात खांद्यावरून खाली येणारा बार प्रत्येकाला वेगळा असतो. उंचीची अट त्यासाठीच असते, बार अंगाला नीट बसावा म्हणून. तिला एवढं शिकवा: बार खाली आला की दोन्ही हातांनी वर ढकलून बघायचा. जरा जरी वर सरकला तरी लाजायचं नाही, झोका सुरू व्हायच्या आत हात वर करून ओरडायचं. आणि झोका चालू असताना डोकं मागे टेकवूनच ठेवायचं. दांडा आडवा होईपर्यंत वर गेला, तर खाली येताना तळाशी वजन तिप्पट वाटतं. तुमच्या 29 किलोच्या पोरीला 87 किलोची झाल्यासारखं. मान पुढे असली तर झटका बसतो. वरच्या टोकाला उलटं, वजनच जाणवत नाही, पोटात गोळा येतो तो तिथे.
मोडण्याबद्दल खोटं बोलणार नाही, लोखंड थकतं. वेल्डिंगच्या जोडाला बारीक तडा जातो आणि रंगाखाली दिसत नाही. म्हणून रोज सकाळी रिकामा झोका चालवून बघतात आणि नोंदवहीत सही करतात. सरांना ती वही मागायला सांगा. दाखवायला कां-कूं केलं, तर पोरांना बसवू नका.

जळगावहून प्रतिसाद:
माझ्या मुलाला अशाच झोक्यात उलटी झाली होती. नावेत मधल्या ओळीत बसलं की त्रास कमी होतो, पण फिरत्या चकतीत सगळ्याच खुर्च्या सारख्या, तिथे ती युक्ती चालत नाही. सहल डिसेंबरात, म्हणजे डब्यात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्याच असणार. ते झोक्यानंतर खाऊ द्या. आधी दोन तास काही जड नको. फिट येत असेल, हृदयाचा किंवा मानेचा काही त्रास असेल तर मात्र सही करूच नका.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. तिला तसलं काही नाही. भाऊ, मागच्या वर्षी मीच उगाच घाबरले असं सगळे म्हणत होते, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. वहीचं आजच सरांशी बोलले, ते आधी स्वतः बघणार आहेत. घरी खुर्चीत बसवून, छातीवर लाटणं आडवं धरून तिच्याकडून ढकलून घेतलं, ओरडायचंही. सही केली.
एकच राहिलं. तिला अडीचचा चष्मा आहे. मागून दोरी बांधली तर चालेल का, की काढून सरांकडेच द्यायचा?

धुळ्याहून प्रतिसाद:
काढूनच द्यायचा ताई. दोरी पण नको, आणि केसांना मोठी क्लिप पण नको, डोकं मागे टेकत नाही.