मदत हवी आहे: जुन्या अमेरिकन मासिकातला 'ओहायो स्टार' जुळत नाही

सुईदोरा: १९३०च्या दशकातल्या अमेरिकन मासिकाचं पान आहे, 'ओहायो स्टार' या चांदणीच्या गोधडी-नमुन्याचं. १२ इंची ब्लॉक (गोधडीचा एक चौकोनी भाग), त्यात नऊ चौकटी: पाच साधे चौकोन, चार चौकटी चार-चार त्रिकोणांच्या. साचे दोनच: चार इंची चौकोन आणि काटकोन त्रिकोण, त्याची लांब बाजूही चार इंच. साच्याबरहुकूम कापून दोन सूत (पाव इंच) माया, म्हणजे शिवणीत जाणारी कड, धरून शिवलं, तर चार त्रिकोणांचा तुकडा जेमतेम सव्वातीन इंच भरतो आणि साधा चौकोन चार इंच. ओळच लागत नाही. छपाई चुकली आहे का? असे ३० ब्लॉक करायचे आहेत, पॉपलिन किती आणू?

ठिगळजोड: छपाई बरोबर आहे, साच्यात माया धरलेली नाही. तेव्हा जोडकाम बहुतेक हातानेच व्हायचं. साचा कापडाच्या उलट बाजूला ठेवून पेन्सिलीने आखायचा, ती रेघ म्हणजे शिवण, आणि कापायचं रेघेबाहेर पाव इंच, नजरेच्या अंदाजाने. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अलाऊ फॉर सीम्स', म्हणजे 'शिवणीसाठी माया सोडा', छापलंय का बघा.

या ब्लॉकपुरती खूण सोपी आहे. त्रिकोणाची लांब बाजू चौकोनाच्या बाजूला लावून बघा. दोन्ही सारख्या असतील तर माया नाही. त्रिकोणाची बाजू चौकोनापेक्षा पाऊण इंच जास्त असेल तर माया धरलेली आहे. त्रिकोणाला तिन्ही बाजूंनी माया लागते आणि टोकं अणकुचीदार, म्हणून त्याची लांबी चौकोनापेक्षा जास्त वाढते. तुमचा तुकडा जास्त आखडला तो त्यामुळेच.

आता साचे बाजूला ठेवा. एका ब्लॉकला चौकोन साडेचार इंचाचे: कोपऱ्यांना जमिनीच्या (चांदणीमागच्या) रंगाचे ४, मध्ये १. त्रिकोणांसाठी सव्वापाच इंची चौकोन, चांदणीच्या रंगाचे २, जमिनीचे २. प्रत्येक दोन्ही कर्णांवर कापला की चार त्रिकोण. १९७९ साली ओल्फा या जपानी कंपनीचा रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याची कापडसुरी) आला आणि पुढे मासिकं अशीच मापं देऊ लागली. त्याआधीच्या अंकांत बहुधा हा हिशोब आपणच करायचा.

उभाधागा: सव्वापाचाच्या चौकोनातून कापण्याचा आणखी एक मोठा फायदा: लांब बाजू सरळ धाग्यावर येते, आणि तीच ब्लॉकच्या कडेला लागते. आखूड बाजू उरेब (तिरक्या धाग्यावर, म्हणून ताणल्या जाणाऱ्या) राहतात, म्हणून इस्त्री घासू नका, उचलून ठेवा. त्रिकोण साच्याने कापताना मात्र सुटं कापड वाचवायला साचा आडवातिडवा फिरवला की कड उरेब येते आणि ब्लॉक लाटेसारखा उठतो.

त्रिकोणांच्या दोन जोड्या शिवा, माया गडद रंगाकडे दाबा, म्हणजे मधली शिवण घालताना दोन्ही माया विरुद्ध दिशेला बसतात आणि मध्यबिंदू सरकत नाही. तुकडा साडेचार इंचावर छाटताना मध्यबिंदू चारही कडांपासून सव्वादोन इंचावर हवा. एकाच बाजूने छाटलं तर चांदणीचं टोक शिवणीत जातं.

घरगुती मशीनच्या फूटची कड सुईपासून दोन सुतांवर असेलच असं नाही. दीड इंची तीन पट्ट्या जोडून बघा, मधली बरोबर एक इंच दिसली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त जातेय. सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या सुईखालच्या पत्र्यावर टेप चिकटवा.

सुईदोरा: बाजू सारख्याच आहेत, आणि 'अलाऊ फॉर सीम्स' घडीत सापडलं! मधला चौकोन चांदणीच्याच रंगाचा घेईन. पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच.

ठिगळजोड: मग चांदणीसाठी पावणेदोन मीटर, जमिनीसाठी तीन. पन्हा ३६ मिळाला तर सव्वादोन आणि पावणेचार. यात कडेची पट्टी आणि अस्तर नाही. ५ गुणिले ६ मांडणीत वरचा भाग ६० गुणिले ७२ इंच होईल. मासिकात कापड वारात दिलंय, वार ३६ इंचाचा, मीटर त्याहून तीनेक इंच मोठा.

कापण्याआधी दोन्ही कापडं धुऊन घ्या. पॉपलिन आटतं, आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरला तर तो सहज निघत नाही. पहिला ब्लॉक कच्चा, म्हणजे कडेच्या मायेसकट, साडेबारा इंच भरला तरच बाकीचे २९ कापायला घ्या.