भातानंतर क्विनोआ म्हणे! बियाणं कुठलं, ते आधी सांगा

खाचरातला:
काल 'मुंबैकर' यांनी इथे लिहिलं, "भात कापल्यावर कोकणातली खाचरं ओस पडतात. गाववाल्यांनी कुळथाचा हट्ट सोडून क्विनोआ पेरावा. खारं पाणी चालतं, भाव सोन्याचा." एरवी सोडून दिलं असतं, पण 'हट्ट' हा शब्द डोक्यात गेला.

अहो, क्विनोआ म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं राजगिऱ्यासारखं बारीक दाण्याचं पीक. पण कुठला क्विनोआ? टिटिकाका सरोवराकाठचा, 3800 मीटर उंचीवरचा वेगळा. बोलिव्हियाच्या मिठागरी पठारावरचा वेगळा. चिलीच्या किनाऱ्यावरचा, समुद्रसपाटीचा आणखी वेगळा. फुलोऱ्यात पारा 35 च्या वर गेला की बऱ्याच वाणांत दाणा धरत नाही. आपल्याकडे पुडीवर नुसतं 'क्विनोआ' छापलेलं.

गेल्या वर्षी मीच पाच गुंठ्यांत केला. पुडी ऑनलाइन मागवलेली. काही झाडं गुडघ्याएवढी असतानाच तुऱ्यावर, काही छातीला लागली तरी हिरवीगार. लाल, पिवळे, जांभळे तुरे, फोटोला झकास! कापणी मात्र एकदम होईना. फेब्रुवारीत दोन दिवस अवकाळी पडला आणि तुऱ्यातच मोड आले, कारण हा दाणा झोपतच नाही, ओल मिळाली की उगवतो. उरलेला सात पाण्यांनी धुतला तरी कडू. बायको म्हणाली, "कुळथाची पिठी करत्ये, गप जेवा."

मुंबैकर:
एका पुडीवरून पिकाला नावं ठेवता? तुम्हाला भेसळ बियाणं मिळालं, क्विनोआचा काय दोष? ज्या वेगळेपणावर तुम्ही चिडताय तीच त्याची दौलत आहे. 2017 मध्ये त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, प्रसिद्ध झाला, कडवटपणावर ताबा ठेवणारा जनुकही हाती लागला. नेदरलँड्समध्ये गोड वाण आहेत. चाकवताचा भाऊबंद आहे हो, परका नाही. आणि परकाच म्हणाल तर नाचणी आफ्रिकेतली, काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. काजूचे पैसे घेताना कुणाला लाज वाटत नाही.

खाचरातला:
परका शब्द मी वापरलाच नव्हता. तुमच्या मनातलं माझ्या तोंडी घालू नका.

वेंगुर्ल्याचो:
वानरांका तुमचो क्विनोआ काय नि आमची नाचणी काय, सगळा सारख्याच. यंदा माझ्या भुईमुगाची एक शेंग घरात येवक नाय. आधी राखण कोण करतलो ता सांगा, मगे बियाण्याची जात काढा.

कलमवाली:
विविधतेवर भांडताय कोण, तर हापूसवाले! जिल्हाभर जवळपास एकाच झाडाच्या फांद्या. म्हणून साका, म्हणजे पिकल्या फळात आतला गर खराब होणं, येतो तो सगळ्यांच्याच बागेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1981 ला रत्ना आंबा दिला, 1992 ला सिंधू दिला, दोन्ही साक्याविना. किती जणांनी लावले?

बागायतदार_देवगड:
ताई, रत्ना घेऊन वाशीच्या बाजारात जाऊन दाखवा. दलाल ढुंकून बघत नाही. सिंधूची कोय पातळ, मान्य. पण पेटी उघडल्यावर जो घमघमाट हवा तो कुठाय? पुस्तकं वाचून बाग होत नाही.

कलमवाली:
पुस्तकं? माझी तीस कलमं आहेत, दोन सिंधूची. आणि घमघमाटाचं म्हणाल तर आमच्या परसातला खोबऱ्या रायवळ तुमच्या पेटीला घरी बसवेल. शेजारच्या वाडीत असे अकरा रायवळ होते, प्रत्येकाची चव निराळी. गेल्या दहा वर्षांत नऊ तोडले, फळ्या केल्या. ती कोयीची झाडं, एकासारखं दुसरं नाही. परत कुठून आणणार?

बागायतदार_देवगड:
रायवळ लोणच्याला बरा. विषय संपला.

कलमवाली:
तुमच्यापुरता.

मुंबैकर:
आंबे बाजूला ठेवा. दापोलीने क्विनोआची निवड करावी एवढंच म्हणणं आहे.

खाचरातला:
करावी की. पण फूल बाजरीच्या दाण्याहून बारीक, बहुतेक स्वतःचंच परागण. संकर करायला चिमटा घेऊन बसा. आणि मूळ बियाणं मागायचं कुणाकडे? 'अपेलावा' या बोलिव्हियन वाणाच्या नरवंध्य (परागकण न धरणाऱ्या, म्हणून संकराला सोप्या) झाडांवर कोलोरॅडोच्या संशोधकांनी 1994 मध्ये पेटंट घेतलं. तिकडच्या शेतकऱ्यांनी गदारोळ केला, 1998 मध्ये ते सोडावं लागलं. आता बियाणं देताना त्यांनी हात आखडता घेतला तर मी नाही दोष देणार. आमच्या खारेपाटातला, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला राता भात उद्या कुणी असा नावावर करून घेतला तर?

मुंबैकर:
राता अजून पेरतं कोण?

खाचरातला:
माझे काका. दीड खाचर. खारं पाणी शिरलं तरी उभा राहतो. बघायला या.

मुंबैकर:
बरं, 'हट्ट' मागे घेतो. कुळथाऐवजी क्विनोआ, हे मागे घेत नाही. आमचं खाचर पडीकच आहे. चिलीच्या किनाऱ्याचं, वाणाचं नाव असलेलं बियाणं मिळवलं तर दोन गुंठे करून द्याल?

खाचरातला:
नोव्हेंबरात पेरून देतो. पुढे राखणीला गिरगावातून तुम्ही यायचं.

वेंगुर्ल्याचो:
तारीख सांगा. वानरांका सांगून ठेवतंय.