मदत हवी आहे: आइसहाऊसचा पहिला अल्बम, ऑस्ट्रेलियन प्रत कशी ओळखायची?

सिडनीच्या आइसहाऊसचा, म्हणजे आयव्हा डेव्हिसच्या बँडचा, पहिला अल्बम एलपीवर घ्यायचाय. भानगड अशी की १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियात आला तेव्हा बँडचं नाव होतं फ्लॉवर्स आणि अल्बमचं आइसहाऊस, मग फ्लॉवर्स नावाचाच बँड स्कॉटलंडमध्ये आधीच निघाला म्हणून १९८१ ला यांनी अल्बमचंच नाव बँडला लावलं आणि परदेशासाठी गाणी परत मिक्स करून (म्हणजे वाद्यं आणि आवाज यांचा मेळ नव्याने बसवून), क्रम बदलून काढली.

मला आधीचं मिक्सच हवंय. त्यांच्याच १९८२ च्या 'प्रिमिटिव्ह मॅन' अल्बममधलं ड्रम मशीन भारीच, पण या पहिल्यात सिंथेसायझरसोबत गिटारही जोरात आहे.

स्ट्रीमिंगवर बघितलं, तिथे कुठलं मिक्स ते कळत नाही. ऑनलाइन विकणारे फक्त पुढचं कव्हर दाखवतात. बहीण मेलबर्नला असते, ती सेकंडहँड दुकानातून आणेल, पण तिला यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर मीच बघणार. सीडी नको, कव्हर फाटकं चालेल.

तर कव्हरवर फ्लॉवर्स आणि लेबल (रेकॉर्ड कंपनी) रेग्युलर रेकॉर्ड्स एवढं दिसलं की डोळे झाकून घ्यायचं, की गाण्यांचा क्रम आणि रेकॉर्डवर आतल्या कडेला कोरलेला नंबरही बघायला लागेल?