डांबराच्या गोळ्या नकोत

शेजारचं मांजर वाफे उकरतं म्हणून डांबराच्या गोळ्या टाकायचा सल्ला तुम्हाला मिळालाय. कृपया नका टाकू. त्यातलं नॅप्थलीन मांजर-कुत्र्यांना विषारी असतं, भाजीच्या मातीत तर ते नकोच नको.

मांजराला हवी असते मोकळी, भुसभुशीत माती. म्हणजे नेमका आपण नुकताच बी पेरलेला वाफा! त्यावर खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी जमिनीलगत अंथरा. रोपं भोकांतून आरामात वर येतात. जाळी नसेल तर छाटणीच्या काटेरी काटक्या आडव्यातिडव्या पसरा. उकरायला जागा मिळाली नाही की स्वारी दुसरीकडे जाते. घाण मात्र हातमोजे घालूनच काढा. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मोसिस हा पोटातल्या बाळाला घातक ठरू शकणारा संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे गरोदर बाईने हे काम करूच नये.

कुत्रा हिरवळीवर मुतला तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर तेवढं गवत जळतं.

राहिले मालक. ‘आमचा तसं करतच नाही हो’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा सरळ फोटो दाखवावा. न विचारता फुलं तोडणाऱ्या काकूंवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. काटक्यांना त्या घाबरत नाहीत.